डाव्या पिळाचं सूत

माझ्या वडिलांना सूत कातायची हौस होती असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, खादीवाले होते का? नव्हते. टोपी घालत नव्हते, उपास करत नव्हते, रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा कधी चुकवत नव्हते, आणि सणासुदीला त्यांच्या अंगात टेरिलिनचा शर्ट असायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते टर्नर होते. दिवसभर लेथसमोर उभं राहून ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनवायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन, चहा घेऊन, घराबाहेरच्या कट्ट्यावर चरख्याची पेटी उघडून बसायचे.

मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि समोरच तालीम. तिथे येणारे-जाणारे गडी आबांना सोडायचे नाहीत. "काय टर्नर, लुगडं कवा हुतंय?" असं कुणी विचारलं की आबा चाक न थांबवता म्हणायचे, "तुझ्या मापाचं हाय, म्हणून येळ लागतोय." त्यावर सगळे हसायचे, विचारणाराही हसायचा आणि तेवढ्यावर ते संपायचं. आमच्या गावात चेष्टा तोंडावर करतात. ती परवडते.

ही हौस त्यांना कुठून लागली ते मला आईकडूनच कळलं. माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी ओळखीच्या माणसानं मोडकी पेटी दुरुस्तीला दिली होती. सुताची चाती, म्हणजे ती लोखंडी सळई ज्याच्यावर सूत गुंडाळलं जातं, वाकली होती. आबांनी लेथवर नवी करून बसवली, आणि नीट चालते का ते बघायला म्हणून चार दिवस चालवून पाहिली. पाचव्या दिवशी मालक न्यायला आला तर ह्यांचा हात सुटेना. मालक समजूतदार असावा. पेटी आमच्याकडेच राहिली.

गावात सुताची गिरणी होती, तिचा भोंगा आमच्या घरी रोज ऐकू यायचा. आई म्हणायची, "गिरणीत मिन्टात निघतंय तेवढं सूत तुमी म्हयनाभर काढताय." आबा म्हणायचे, "हाटेलात भाकरी मिळती म्हणून तू चूल मोडलीस व्हय?" आईला उत्तर नकोच असायचं, नुसतं बोलायचं असायचं. ती त्यांच्यासाठी पेळू नीट कापडात गुंडाळून ठेवायची, एवढं मला आठवतं.

पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटभर जाड, वीतभर लांब वळी. आम्हाला ते एक पिंजारी चाचा द्यायचे. त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. गाद्या-उश्यांचा कापूस पिंजणं हा त्यांचा धंदा, पण आबांसाठी ते निवडक कापूस बाजूला ठेवायचे आणि त्याचे पेळू वळून द्यायचे. असं गिऱ्हाईक त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

मला आबांनी शिकवलं तेव्हा मी आठ वर्षांची असेन. आधी टकळी. पितळेची बारीक चकती, तिच्यातून गेलेली सळई, वर आकडा. पेळूचं टोक आकड्यात अडकवायचं, सळईला चिमटीनं गिरकी द्यायची आणि दुसरा हात हळूहळू वर न्यायचा. पहिल्या आठवड्यात माझा दोरा सारखा तुटत होता. मग एका संध्याकाळी तो तुटला नाही. हाताखालून निघतच राहिला, टकळी फिरत फिरत जमिनीला टेकली आणि माझ्या बोटांपासून तिच्यापर्यंत एक अखंड दोरा होता, जो जरा वेळापूर्वी कुठेच नव्हता. त्यानंतर मी सायकल शिकले, टायपिंग शिकले, पुरणपोळी शिकले, पण तसा आनंद मला कशानं झाला नाही. मी ओरडले असेन, कारण समोरून तालमीतला कुणीतरी बघायला आला होता.

त्याच संध्याकाळी आबांच्या एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या खेपेला माझा दोरा परत तुटला आणि तो ते स्वतःच्या दोऱ्याला जोडून दाखवत होते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पीळ दिला की दोरा सांधतो. पण आमचा सांधा काही टिकेना. ते पीळ द्यायचे तसा माझ्याकडचा दोरा सुटून त्याचा परत कापूस व्हायचा. त्यांनी माझा दोरा डोळ्यांजवळ धरला, चिमटीत फिरवला आणि माझ्या हाताकडे बघितलं.

मी डावरी. शाळेत बाईंनी त्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या, आई जेवताना तो हात मांडीखाली धरायला लावायची. टकळीला गिरकी मी डाव्याच हातानं देत होते, म्हणून माझा पीळ उलटा पडत होता. आता इथेही मार बसणार असं वाटून मी टकळी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी आबा कारखान्यातून येताना खिशातून दोन बोल्ट घेऊन आले. एक माझ्या उजव्या हातात दिला, एक डाव्या. म्हणाले, "आटे बघ." बोल्टवर पीळदार खाचा असतात त्यांना आटे म्हणतात. एकाचे आटे एका बाजूला चढत होते, दुसऱ्याचे दुसऱ्या.

"धार लावायच्या ग्राइंडरला दोन्ही अंगाला दगड असतोय," आबांनी सांगितलं. "उजवीकडं साधा बोल्ट चालतोय. डावीकडं मात्र असला डाव्या आट्याचाच लागतोय. साधा घातला तर फिरता फिरता सुटून दगड अंगावर येईल. कळलं? डाव्या आट्याबगार मशीन चालत न्हाय."

मी तो डाव्या आट्याचा बोल्ट उलटा धरून बघितला. म्हटलं, "आबा, आसा धरला तर सुलटा हुतोय का?"

"कसाबी धर. टाचंवर हुबा कर न्हायतर डोस्क्यावर. डावा आटा डावाच ऱ्हातोय."

त्यांनी मला हे हसत हसत सांगितलं होतं. मला ते पुढे हवं तेव्हा आठवलं नाही.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा आबांनी मला चरखा करून दिला. बाजारातली पेटी आणून सगळी उलटी मांडली. मूठ डावीकडे, चाती उजवीकडे. मी डाव्या हातानं चाक फिरवायचे आणि उजव्या हातानं दोरा ओढायचे. अशी पेटी जगात दुसरी कुणाकडे नाही अशी माझी पक्की समजूत होती. मग आम्ही दोघं कट्ट्यावर समोरासमोर बसायचो. बोलायचो फार थोडं. त्यांचा दोरा तुटला की मी हसायचे आणि माझा तुटला की ते नुसते बघायचे. माझा हात बसला, सूत एकसारखं निघायला लागलं. एका गुंडीत, म्हणजे सुताच्या लडीत, हजार मीटर सूत. फाळक्यावर, म्हणजे गुंडाळायच्या लाकडी चौकटीवर, वेढे मोजत ती बांधून झाली की मी ती गालाला लावून बघायची.

पेठ वडगावला एक म्हातारे विणकर होते, त्यांचा हातमाग होता. कारखान्याची सुट्टी सोमवारी असायची. एका सोमवारी आबा आमच्या दोघांच्या एकेक गुंडी घेऊन सायकलवरून त्यांच्याकडे गेले. संध्याकाळी परत आले ते सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच बोलायला लागले.

"आगं, तुझं सूत बघून म्हातारा खूश झाला. म्हणाला, हुबं सूत तुमचं घेऊ आन आडवं पोरीचं. दोन्ही एका पिळाचं आसलं की दोरं एकमेकात रुतून बसतात आन कापड कडक हुतंय. एक उजवं आन एक डावं आसलं की मऊ बसतंय, फुगतंय. असलं सूत मिळत न्हाय म्हणाला, डावरं माणूस चरख्यावर बसलेलं त्येनं बघितलंच न्हाय."

तेव्हा ठरलं. माझ्या लग्नात द्यायला एक चादर. तिचे उभे धागे आबांचे आणि आडवे माझे. सोळा गुंड्या त्यांनी कातायच्या, सोळा मी. विणकरांनी एकच बजावलं होतं, आडव्या धाग्यांत उजवं सूत मिसळायचं नाही, मिसळलं तर तेवढा पट्टा वेगळा उठून दिसतो. "निम्मं पांघरूण तुझ्या हातचं," आबा म्हणाले. त्या वेळी लग्न ही गोष्ट मला चंद्राइतकी लांब वाटत होती, त्यामुळे मी आनंदानं हो म्हणून टाकलं.

बारा गुंड्या झाल्या. तेराव्या गुंडीच्या आत मी कॉलेजात गेले.

खरं सांगायचं तर कुणी मला सूत कातू नको म्हटलं नव्हतं. एकदा कॉलेजातल्या तिघी घरी आल्या. आबा कट्ट्यावर होते. एकीनं आत येऊन अगदी साधेपणानं विचारलं, "तुझे वडील विणकाम करतात का?" मी म्हटलं, "छे, ते मशीनिस्ट आहेत. हा आपला टाइमपास." आबा चार हातांवर होते. त्यांना ऐकू गेलं असणार. ते मैत्रिणींना चहा द्यायला आत आले तेव्हा त्यांच्या शर्टावर नेहमी असतो तसा कापूस नव्हता. झटकून आले होते. हे मला तेव्हाही दिसलं होतं आणि तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

त्यानंतर माझा चरखा कपाटावर गेला. आबांनी तगादा लावला नाही. सणाला घर झाडताना पेटी खाली यायची, ते तिला तेल द्यायचे, परत वर ठेवायचे. "चार राहिल्यात," एवढंच म्हणायचे. मी म्हणायची, "करतो की, आबा." आमच्याकडे पोरीसुद्धा मी येतो, मी करतो असंच म्हणतात. मी पाच वर्षं करतो की, करतो की म्हणत राहिले.

शेवटच्या वर्षाला असताना लग्न ठरलं. कागलचं स्थळ. आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा जरा जोर लावून म्हटलं, "आता बसाय पायजे. विणायला म्हयना-दीड म्हयना लागतोय." मी हिशोब केला. हात बसलेला होता, रोज तासभर कातलं असतं तर तीन आठवड्यांत चार गुंड्या झाल्या असत्या. पण मला ते तास द्यायचे नव्हते. मी आता सूत कातणारी मुलगी राहिले नव्हते, असं मला स्वतःला दाखवायचं होतं. का, ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

माझ्या वर्गात खेड्यातून आलेली एक मैत्रीण होती. तिची मावशी त्यांच्या गावातल्या खादी केंद्रावर सूत कातायची. मी तिच्याकडे चार गुंड्या मागितल्या. बदल्यात तिला मानसशास्त्राच्या नोट्स उतरवून द्यायचं कबूल केलं. नोट्स उतरवायला मला बारा संध्याकाळी लागल्या. तेवढ्यात तीन गुंड्या झाल्या असत्या. ह्या अकलेचं मी काय करू, सांगा.

मावशीचं सूत सुरेख होतं, माझ्यापेक्षा एकसारखं. पण उजव्या पिळाचं. ते मी विसरले नव्हते. त्यावर मी उपाय शोधून काढला. घरात कुणी नसताना फाळका काढला आणि चारही गुंड्या शेवटच्या टोकाकडून उलट्या गुंडाळून घेतल्या. दोऱ्याचा शेंडा बुडख्याला आला, बुडखा शेंड्याला गेला, म्हणजे पीळही उलटा झाला, असं माझं गणित. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचं गणित. आठ वर्षांची असताना हातात बोल्ट धरून मी जो प्रश्न विचारला होता, तोच मी बाविसाव्या वर्षी केला, आणि ह्या वेळी कुणाला विचारला नाही.

संध्याकाळी आबांच्या हातात चार गुंड्या ठेवल्या. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी सवयीनं एक दोरा अंगठ्यावरून ओढला, चिमटीत धरून जरासा फिरवला. मग तो सोडून दुसऱ्या गुंडीचा घेतला.

"चारीबी तूच कातल्यास?"

"व्हय."

"कवा?"

"कॉलेजात न्हेलतो टकळी. मधल्या सुट्टीत."

ते गुंड्या मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "ग्राइंडरचा बोल्ट आठवतोय का गं तुला?"

मला वाटलं, म्हातारपण लागलं. म्हटलं, "आबा, मला अभ्यास हाय." आणि आत गेले. त्यांनी मला सांगायची जागा करून दिली होती हे मला समजलं नाही. समजलं असतं तरी त्या दिवशी मी सांगितलं असतं का, ह्याची मला खात्री नाही.

चादर लग्नाच्या चार दिवस आधी आली. दोन पट्ट्या मधोमध शिवलेली, पांढरी, कडेला बारीक तांबडी रेघ. हातात घेतली तर खरंच मऊ, उबदार, फुगलेली. मी आधी पट्टा शोधला. उजेडात तिरकी धरून बघितली, खिडकीशी नेऊन बघितली. कुठे वेगळा पट्टा दिसला नाही. माझी युक्ती चालली होती. मी इतकी खूश झाले की त्या रात्री आईला पोळ्या लाटायला मदत केली.

फक्त एका टोकाला दोनेक हात सूत गाठीगाठीचं होतं, कुठे जाड, कुठे बारीक. ते माझ्या अकराव्या वर्षाचं असणार असं मी धरून चालले. पहिल्यापहिल्या गुंड्या विणकरांनी शेवटी लावल्या असतील.

लग्नात रुखवतावर चादर मांडली. आबांनी स्वतः घडी घातली आणि तो गाठीगाठीचा भाग वर आणला. मला ते खटकलं. सासरच्या एका बाई हात फिरवून म्हणाल्या, "बाकी छान आहे हो, हे एवढंच असं कसं?" मी घाईनं म्हटलं, "ते अगदी नवशिक्याचं सूत आहे. टाकून द्यायला हवं होतं."

आबा शेजारी उभे होते. म्हणाले, "नवशिक्याचंच हाय ते पावणं. पर टाकायजोगं न्हाय."

बाई हसल्या, मी हसले.

सासरी सगळ्यांना कौतुक. सूनबाईंनी स्वतः सूत काढलंय म्हणून शेजारपाजारचे बघायला यायचे. निम्मं सूत तुझं ना, असं कुणी म्हटलं की मी चहा टाकायला आत जायची. सहा महिन्यांत मी ती चादर ट्रंकेत तळाला टाकली. आबा वर्षातून दोनतीनदा यायचे. पाणी प्यायचे, मुलांना मांडीवर घ्यायचे आणि जाता जाता त्यांची नजर पलंगाकडे जायची. "वापरतीस न्हवं?" "जपून ठेवलीय, आबा." "जपायची न्हाय गं. पांघरायची असती." दर खेपेला हेच दोन-तीन शब्द. पुढे त्यांनी विचारायचं सोडलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आबा गेले. दुखणं आठ दिवसांचं. मी पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पिंजारी चाचा आले. फार थकले होते, काठी घेऊन आले होते. भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, तुझ्या शादीच्या आदूगर दोन म्हयने किती सूत काढलंस गं तू. दर सोमवारी आबा यायचे पेळू न्यायला. मी म्हटलं, एवढे कशाला? तर म्हणायचे, पोरीचा चरखा जोरात चालू हाय. बडे खूश असायचे."

माझा चरखा त्या दोन महिन्यांत कपाटावर होता. सोमवारी आबांना सुट्टी असायची आणि मी कॉलेजात असायची.

कागलला परत गेल्यावर मी ट्रंक उपसली. चादर पलंगावर पसरली आणि कडेचा एक आडवा दोरा सुईनं उचलून काढला. गाठीगाठीच्या भागातला. चिमटीत धरून उलगडला. डावा पीळ. मग गुळगुळीत भागातला काढला. डावा. मग हात-हात अंतरावर एकेक दोरा काढत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मुलं शाळेतून आली, दप्तरं टाकून बघत उभी राहिली, मी त्यांना खायला दिलं नाही. सगळ्या चादरीत मावशीच्या सुताचा एक दोरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं कोल्हापुरात आले. आई भाजी निवडत होती. मी चादर तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "हे कुणी कातलं?"

तिनं गाठीगाठीच्या भागावर बोट ठेवलं. "हे व्हय? हे ह्येंनी. तुझ्या पेटीवर बसायचं. डाव्या हातानं चाक, उजव्या हातानं दोरा. वीस-पंचवीस वर्सं कातत आलेला माणूस, पर हात उलटं झाल्यावर पार पोरावानी. सारखं तुटायचं. सोमवारचं दिवसभर, आन रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत यायचं, भाकरी खाऊन बसायचं. तू यायच्या आत पेटी कपाटावर."

तिनं उठून आबांची हत्यारांची पेटी ओढली. तळाशी, तेलकट फडक्यांच्या खाली, वर्तमानपत्रात बांधलेल्या चार गुंड्या होत्या. मी बांधल्या होत्या तशाच, गाठ न सुटलेल्या.

"म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं."

"त्येंला हात लावल्यावर कळंना व्हय?" आई म्हणाली. "सूत बघून म्हणालं, पोरीनं उलटं गुंडाळून आणलंय. लई हसलं. मग पेपरात बांधून हितं ठिवलं."

"मग मला बोलले का नाहीत? तू का नाही बोललीस?"

"मी म्हटलो की. म्हटलो, विचारा तिला, चांगलं कान धरून विचारा. तर म्हणालं, नगं. लगीन तोंडावर आलंय. मनात टोचत असंल तर आपणहून सांगंल ती." आई परत भाजीपाशी बसली. तिनं मेथीची जुडी सोडली आणि माझ्याकडे न बघता पुढे बोलली. "दर दिवाळीला तू यायचीस. तू निघालीस की चपला घालून कोपऱ्यापतुर तुला सोडाय जायचं. माघारी आल्यावर मी नुसतं त्येंच्याकडं बघायचो. त्येंनी मान हलवायचं. म्हणायचं, ह्या खेपंला बी न्हाय."

नऊ दिवाळ्या. कोपऱ्यापर्यंतचं ते अंतर पाच मिनिटांचं. त्या पाच मिनिटांत मी त्यांना मुलांच्या शाळेचं सांगितलं, नळाला पाणी येत नाही ते सांगितलं, स्कूटरचं सांगितलं. ते शेजारून चालत ऐकत असायचे, आणि एस.टी. स्टँडकडे जाणारी रिक्षा दिसली की म्हणायचे, "आजून काय ऱ्हायलंय का सांगायचं?" मला वाटायचं, सामानाचं विचारतात. मी पिशव्या मोजायची आणि म्हणायची, "न्हाय आबा, सगळं घेतलंय."

माझी पेटी मी त्या दिवशी कागलला घेऊन आले. मूठ डावीकडे असलेली. हात पूर्वीसारखा चालत नाही, दोरा सारखा तुटतो, पण राहिलेल्या चार गुंड्या मी कातून काढल्या. दीड महिना लागला. चादर आता रोजच्या वापरात आहे, धुऊन धुऊन पिवळसर झाली आहे. तो गाठीगाठीचा भाग मी अंगाशी येईल असा घेते. कातलेल्या चारही गुंड्या डाव्या पिळाच्या आहेत, मी दोनदोनदा तपासल्या. त्या चरख्याच्या पेटीतच ठेवल्या आहेत.